घोंगडीचं दुसरं टोक

त्या उन्हाळ्यात आम्ही दोघीही अर्ध्या झोपेत होतो. आई कासुर्डीला, मी शिक्रापूरला. मला सहावा महिना लागला होता आणि दुपारचं जेवण झालं की डोळे आपोआप मिटायचे. आईच्या गळ्यातली थायरॉइडची गाठ ऑपरेशन करून काढली होती. पुढच्या औषधासाठी डॉक्टरांनी तिच्या रोजच्या गोळ्या काही आठवडे बंद ठेवल्या होत्या, आणि त्या गोळ्या बंद झाल्या की माणूस मंदावतं. तिचा चेहरा सुजला, आवाज जाड झाला, आणि मार्चचं ऊन तापायला लागलं तरी तिला थंडी वाजायची.

दुपारी तिचा फोन यायचा. जेवलीस का, जेवले, तू जेवलीस का, जेवले. मग दोन्हीकडे काहीच नाही. तिच्याकडून मला लिंबावर घुमणारा होला ऐकू यायचा, आणि तिला माझ्याकडून हायवेवरचे कंटेनर. कधी फोन कानाशी तसाच राहायचा आणि मला डोळा लागायचा. जाग आली तरी फोन चालूच असायचा आणि पलीकडे आई संथ श्वास घेत असायची. माझा नवरा कंपनीतून यायचा तेव्हा मी उशीत तोंड खुपसून, फोन गालाखाली. "मायलेकी फोनवर झोपता काय गं?" तो म्हणायचा. झोपत होतो. इतकं छान मी त्यानंतर कधी झोपले नाही.

पुढचं औषध म्हणजे एक कॅप्सूल होती, रेडिओॲक्टिव्ह आयोडीनची. पुण्याच्या हॉस्पिटलात रेडिएशनचं सगळं बघणारी एक बाई होती, चष्मा सदा कपाळावर ढकललेला. तिने आई, माझे वडील म्हणजे आप्पा, आणि मी अशा तिघांना समोर बसवलं. ऑपरेशननंतरही गळ्यात गाठीचे बारीक कण राहतात, हे आयोडीन त्यांना हुडकून जाळतं, असं ती म्हणाली. पण त्याचे किरण काही दिवस आईच्या अंगातून बाहेरही येत राहणार. म्हणून तिला वेगळ्या खोलीत एकटीला ठेवायचं. भेटायला येणाऱ्याने लांब उभं राहायचं आणि लवकर निघायचं. लहान मुलं आणि गरोदर बायका यांनी तर यायचंच नाही. हे सांगताना ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, पोटाकडे बघत होती.

"उन्हासारखं समजा," ती आप्पांना म्हणाली. "जेवढं लांब राहाल तेवढं कमी लागेल. जेवढं कमी थांबाल तेवढं कमी लागेल."

आप्पांना हे लगेच पटलं. आमच्या घरात आजोबांच्या काळापर्यंत मेंढरं होती. लहानपणी आप्पाही त्यांच्यामागे रानोमाळ फिरले. आता ऊस आहे, कांदा आहे, सोसायटीत मत आहे, पण आप्पांची नजर अजून मेंढक्याची. कुठलं जनावर कुठल्यापासून किती लांब ठेवायचं हे त्यांना न सांगता कळतं. बाईने पुढेही बरंच सांगितलं. घामातून, लाळेतून, लघवीतून हे औषध बाहेर पडतं, तेव्हा कपडे वेगळे धुवायचे, ताटवाटी वेगळी, संडासात दोनदा पाणी सोडायचं. आम्ही तिघांनीही माना डोलवल्या. ऊन मात्र डोक्यात पक्कं बसलं, आणि घाम कुठल्या कुठे गेला.

आजाऱ्याला भेटायला जाणं ही आमच्याकडे साधी गोष्ट नाही. पिकअप भरून माणसं निघतात. केळी, बिस्किटं, शहाळी घेऊन जायचं, आजाऱ्याच्या कॉटवरच बसायचं, त्याचा हात आपल्या हातात घ्यायचा, आणि निघताना डोळे पुसायचे. लांबून बघून परत येणं म्हणजे जुनं भांडण उकरून काढल्यासारखं. त्यामुळे आप्पांनी सगळ्यांना फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं तेव्हा निम्मे नातेवाईक रुसले. "असं कसलं दुखणं, की माणसानं माणसाला शिवायचं न्हाई?" असं माझी चुलती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून रडली. आम्ही तिला काकी म्हणतो. रडण्यात तिचा हात कोणी धरू शकत नाही.

मी गेले, पण वर नाही. हॉस्पिटलच्या आवारात एक गुलमोहर होता, त्याच्याखाली मला उभं करून नवरा आणि आप्पा आत गेले. खोलीच्या दाराबाहेर फरशीवर पिवळी रेघ मारली होती आणि भेटणाऱ्याने तिच्या अलीकडे थांबायचं होतं. आप्पा पाच-सात मिनिटं थांबले असतील. खाली आले तेव्हा तोंडावर हसू होतं.

"हाय बरी. नव्या मेंढराला येगळं बांदत्यात तशी बसलीय."

मग वरच्या मजल्यावरची एक काच हलल्यासारखी वाटली आणि आई दिसली. एवढ्या उंचावरून तिचं फक्त हिरवं लुगडं दिसत होतं आणि त्यावर चेहऱ्याच्या जागी उजेड. तिने फोन केला. मी वर बघत बोलत होते, आणि काचेमागची बाई आणि कानातली बाई एकच आहे हे मला खरं वाटेना.

"गोळी कशी होती गं?"

"एवढीशी. पर डबा असला, बाय, त्या पोरीला दोन्ही हातानी उचलंना. शिशाचा हाय म्हंत्यात. मी म्हनलं, ही गिळली तर मी खाटंवरनं उठायची कशी?"

"मग?"

"मग काय, उटले. लिंबाच्या गोळ्या दिल्यात चघळाया. पानी पे, पानी पे, सारखं हेच. तेवढी घोंगडी आनू दिली न्हाई बग."

घोंगडी बरोबर आणू नका असं त्या चष्मेवाल्या बाईने आधीच सांगितलं होतं. जे इथे सोडून जाता येणार नाही ते खोलीत नेऊच नका, असा तिचा नियम. आप्पा घोंगडी काखेत घेऊन गेले होते आणि काखेतच घेऊन परत आले. आमच्या आजोबांच्या शेवटच्या मेंढरांची लोकर आहे ती. काळी, काठाला पांढरी रेघ, चिंचोक्याची खळ दिलेली, नवी असताना भिंतीला टेकवली तर उभी राहायची म्हणतात. घरात देवाचं काही असलं की तीच अंथरतात. पाहुण्याला बसायला तीच. खरंखोटं करायची वेळ आली की तिच्यावर हात ठेवायचा. आईला ती नाकारणं म्हणजे माणूस नाकारल्यासारखं वाटतं.

काही दिवसांनी आईला घरी सोडलं. तिच्यासाठी मळ्यातली मोटरीशेजारची खोली झाडून ठेवली होती, शेजारीच संडास, न्हाणी. गरोदर बाईने अजून काही आठवडे जवळ जायचं नाही, हे बाईने पुन्हा बजावलं. आणि नेमका त्यातच मला सातवा लागला.

पहिलटकरणीची ओटी माहेरी भरायची, सातव्यात. केंदूरला माझ्या सासूबाई समजूतदार आहेत. त्या म्हणाल्या, पुढं ढकलू, नाहीतर इथंच उरकू. आई ऐकेना. फोनवर तिचा तो जाड, झोपाळू आवाज एकच गोष्ट घोळवत राहायचा. "मी हात लावत न्हाई. मी लांब बसते. पर माझ्या डोळ्याम्होरं होऊ दे." शेवटी मी हॉस्पिटलातल्या बाईला फोन केला. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला बसून थोडा वेळ बोलायला हरकत नाही, असं ती म्हणाली. जवळ जाऊ नका, तिच्या वस्तूंना हात लावू नका. मी हो हो म्हटलं. ती भली बाई, आणि मी अर्ध्या झोपेत.

मळ्यात पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. आप्पांनी अंगणात आडवी रेघ आखली होती, कबड्डीच्या मैदानाला मारतात तशी पांढऱ्या फक्कीची. हॉस्पिटलची रेघ त्यांच्या मनात भरली होती. रेघेच्या पलीकडे, पार लांब, खोलीच्या पायरीवर आई बसलेली. अलीकडे लिंबाखाली माझ्यासाठी बाज टाकलेली, आणि बाजेवर घडी घालून ती घोंगडी.

किती दिवसांनी आम्ही एकमेकींना काचेशिवाय बघत होतो. तिच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या होत्या, सूज उतरली होती. ती बारीक दिसत होती आणि खांद्यावर नुसता पदर असल्यामुळे हुडहुडी भरल्यासारखी वाटत होती. मला तिच्याकडे धावत जावंसं वाटलं. गेले नाही. बाजेवर बसले आणि आम्ही दोघी हसलो.

मेंढक्यांच्या पोटचे आहोत, लांबून बोलायला आम्हाला फोन लागत नाही. या डोंगरावरून त्या डोंगरावर हाक मारणाऱ्यांचा गळा आईकडे आलाय, आणि ऑपरेशननंतरही तो बराचसा शाबूत होता. काकी माझी ओटी भरत होती आणि आई पायरीवरून तिला हुकूम सोडत होती. आधी हळदीकुंकू लाव. गहू वंजळीनं घे, मुठीनं नगं. खण हितं न्हाई, नारळाच्या वर ठेव. नारळाची शेंडी तिच्याकडं कर. "व्हय, व्हय, मला बी पोरं झाल्यात," काकी पुटपुटत होती. होला घुमत होता, मोटरीचं पाणी पाटातून चाललं होतं, आणि गव्हाच्या वजनाने माझी ओटी खाली ओढली जात होती. मला वाटलं हे सगळं मला पडलेलं स्वप्न आहे आणि आईलाही त्याच वेळी तेच पडलंय.

"बाय," आईने हाक दिली. "घोंगडी पोटावर घे."

"ऊन हाय की गं."

"असू दे. ऊन आडवती, पाऊस आडवती, थंडी आडवती, मग ह्ये किरन का आडवायची न्हाई? आल्यापास्नं मी रातंदिस तिच्यातच हाय. म्हनलं, माझं माझ्यापाशीच ऱ्हाऊ दे, भाईर नगं पडाया. आज तुज्यासाठी काढली. लेकराला गुंडाळून बस."

म्हणून ती नुसत्या पदरानिशी बसली होती. मी आज्ञाधारकपणे घडी मोडली आणि घोंगडी पोटावर ओढली. लोकर उन्हाने गरम झाली होती. मी ती गालालाही लावली. तिला आईचा वास येत होता, केसांच्या तेलाचा, आणि त्याच्याखाली दिवसचे दिवस मुरलेला आईचा घाम.

त्या वासाने मला जाग आली. महिनाभरात पहिल्यांदा मी पुरती जागी झाले. घाम, बाई म्हणाली होती. घाम, लाळ, लघवी. मी ताडकन उठले, ओटीतले गहू अंगणभर सांडले, आणि घोंगडी मी अशी झटकून टाकली की ती रेघेवर जाऊन पडली.

"काय झालं?" आई उठून उभी राहिली. मग बसली. मग पुन्हा उठली. रेघ ओलांडायची नाही हे तिच्या पायांना माहीत होतं.

मी लगेच बाईला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "घाबरू नका. आता बरंच उतरलंय, आणि तुमचा हातही थोडाच वेळ लागलाय. साबणाने हात-तोंड धुवा, आंघोळ करा, अंगावरचे कपडे बदला. तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घाला." मी विचारलं, घोंगडीने काहीच अडत नाही का? ती म्हणाली, "लोकरीने किरण अडत नाहीत. आणि घामाची गोष्ट उन्हाची नाहीच, गुलालाची आहे. हाताला गुलाल असला की ज्याला हात लावाल त्याला लागतो ना? तसं घामातून औषध घोंगडीला लागलं. बाळालाही आईसारखीच गळ्यात थायरॉइडची ग्रंथी असते, आयोडीन तिथेच जाऊन बसतं, म्हणून तर एवढं जपायचं." घोंगडीचं काय करू म्हटल्यावर ती म्हणाली, वेगळी टांगून ठेवा. दर आठवड्याला साधारण निम्मं होत जातं, काही महिन्यांनी आपोआप निवेल.

फोन स्पीकरवर होता. लांबून आईला सगळं ऐकू गेलं नसेल, पण माझं तोंड दिसत होतं. मी न्हाणीकडे वळले तर ती न्हाणीही आईचीच. काकीने मला हाताला धरून वस्तीवरच्या घरी नेलं, आंघोळ घातली आणि तिचं लुगडं नेसवलं. तेव्हा मला आईचा राग आला होता, पोटातल्या जिवाची भीती वाटत होती, आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडावंसं वाटत होतं. तिन्ही एकदम.

परत आले तर आप्पा मेंढरं वळायच्या जुन्या काठीने घोंगडी उचलत होते, हात न लावता. रस्त्यावरचं मेलेलं कुत्रं उचलावं तशी. आई बघत होती.

"मी राखाया गेले, बाय," ती म्हणाली, एवढ्या हळू की ओठांवरूनच कळलं. मग खोलीत गेली आणि दार ओढून घेतलं.

जूनमध्ये शिरूरला मुलगी झाली. माहेरी बाळंतपण नको, असं आईनेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी बाळाच्या टाचेतून रक्त घेतलं आणि थायरॉइडची तपासणी झाली. सगळं ठीक होतं. तो कागद हातात आला तेव्हा मी इतकी मोठ्याने रडले की नर्सने येऊन टाके बघितले. लगेच आईला फोन केला. ती "बरं झालं" म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

त्याआधीच डॉक्टरांनी तिला मोकळं केलं होतं. कुणालाही जवळ घ्या, नातवंड अंगावर झोपवा, काही राहिलेलं नाही. आई आम्हाला बघायला शिरूरला आली ती वॉर्डच्या दारात थांबली. आत पाऊल टाकेना. लोक तिला ओलांडून ये-जा करत होते. "हितनंच दिसतंय की," ती म्हणाली. "काळं हाय जावळ." मी बोलावलं, आप्पा रागावले, नर्सही हसून आत या म्हणाली. आई उंबऱ्याकडे बघत उभी राहिली, आणि थोड्या वेळाने जिन्याने खाली गेली.

जुलै सरताना मी लेकीला घेऊन कासुर्डीला गेले. आभाळ भरून आलं होतं. आमच्याकडे ते बऱ्याचदा तेवढंच करतं. आप्पांनी शेडच्या आढ्याला टांगलेली घोंगडी खाली काढली होती, उन्हात घालून झोडपली होती, आणि त्याआधी मला बाईला पुन्हा विचारायला लावलं होतं. ती हसली होती. केव्हाच निवली, अंथरा खुशाल, म्हणाली होती. तिचा तो हसरा आवाज मी स्पीकर मोठा करून आईला ऐकवला होता.

आप्पांनी शहाबादी फरशीवर घोंगडी पसरली आणि मी तिच्या एका टोकाला लेकीला निजवलं. आई दुसऱ्या टोकापलीकडे, दाराला पाठ लावून बसली. हात मांडीखाली दाबून. लेक आढ्याकडे बघत पाय झाडत होती. आई तिच्याकडे बघत होती आणि त्या दोघींच्या मधे ती सगळी काळी घोंगडी होती.

"घे की गं," मी म्हटलं.

"घिऊ?"

"घे."

"काय हुयाचं न्हाई ना?"

"न्हाई, आये."

"नक्की इचारलंस ना बाईला?"

विचारलं होतं, तिने ऐकलंही होतं. तरी ती हलेना. तेव्हा मी उठले, जाऊन तिच्याशेजारी बसले, तिचा एक हात मांडीखालून ओढून काढला आणि त्यात घोंगडीचा काठ दिला. "तू जाऊ नगंस. तिला वड."

तिने काठ धरला. थोडा वेळ नुसता धरून बसली. मग हळूच ओढला आणि फरशीवरून घोंगडी सरकली, तिच्यावर निजलेली लेकही सरकली आणि चकित होऊन पाय झाडायची थांबली. आईने आणखी ओढलं. विहिरीतून भरलेला पोहरा वर घ्यावा तशी, हिसका न देता, एक हात झाला की दुसरा हात. लोकर तिच्या मांडीवर गोळा होत गेली आणि लेक जवळ जवळ येत गेली. शेवटी तिच्या टाचा आईच्या गुडघ्याला लागल्या.

आईने तिला उचललं. नाक तिच्या जावळात घातलं आणि तशीच राहिली. मला वाटलं रडेल, पण रडली नाही, नुसती वास घेत राहिली. मग तिचा दुसरा हात चाचपडत आला आणि माझ्या डोक्यावर पडला. मार्चनंतर आई मला पहिल्यांदा शिवत होती. इतके दिवस मी फक्त माझ्या लेकीची काळजी करत होते. मीही कुणाची लेक आहे, आणि मीही तेवढीच उपाशी होते, हे तो हात डोक्यावर पडेपर्यंत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.